गिरणीच्या माळ्यावरचं जॅझ

पिठाच्या गिरणीत कितीही झाडा, कोपऱ्यात पीठ उरतंच. किश्श्यांचं तसंच आहे बघा. एक सांगून मोकळं व्हावं तर त्याच्या मागून दुसरा निघतो, दुसऱ्याच्या खाली तिसरा. त्यात आता मीनलताईचा अल्बम आलाय! खराखुरा, आख्खा, जॅझचा अल्बम! नाशकात झालेला, आमच्या माळ्यावर झालेला! त्यामुळे जो भेटतो तो विचारतो, "काय रे विल्या, कसं काय जमवलंत?" मग मी सुरू होतो आणि समोरच्याचा चहा गार होतो. तुमचाही होणार. आधी पिऊन घ्या.

मी विल्या, म्हणजे विलास. पंचवटीत भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. खाली माझा मोठा भाऊ, दादा, दळण दळतो आणि वर माळ्यावर मी गाणी रेकॉर्ड करतो. भजनी मंडळं, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणूक आली की उमेदवारांची गाणी. मी त्या जागेला स्टुडिओ म्हणतो. दादा माळा म्हणतो. भिंतींना गाद्या ठोकल्यात, दाराला डबल दार लावलंय, पण जमिनीचं काय करणार? खाली गिरणी सुरू झाली की वर माइक घरघरायला लागतो. भजनात टाळांच्या खाली ती घरघर दडून जाते. हळू आवाजात गाणाऱ्या बाईच्या खाली ती कुठे दडणार?

* * *

मीनलताई माझ्या बायकोची मैत्रीण. माहेर सटाण्याचं, सासर नाशिक रोडचं, शाळेत इंग्रजी शिकवते. गाते मात्र जॅझ! कुठे शिकली म्हणाल, तर रेडिओवर, इंटरनेटवर आणि स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी माळ्यावर येऊन म्हणाली, "अर्धी गाणी स्टँडर्ड घेऊ आणि अर्धी कुणी फारशी न ऐकलेली."

"स्टँडर्ड म्हणजे?" मी विचारलं. लाजायचं कशाला?

"आरती कशी सगळ्यांना पाठ असते, पण प्रत्येक गल्लीची चाल थोडी वेगळी? तसं. गाणं सगळ्यांचं, म्हणायची पद्धत ज्याची त्याची."

मला एकदम कळलं. आमच्या गल्लीतल्या आरतीची चाल तर शेजारच्या गल्लीला ओळखूसुद्धा येत नाही!

मग ती गायला लागली. मी उंच स्टूल दिलं होतं, त्यावर चढून बसली, पाय लोंबते, डोळे मिटलेले. आणि काय सांगू, अंगावर काटा आला! ताल पुढे निघून जायचा आणि ती मागून आरामात यायची, शब्द हलकेच टेकवायची, नेमका हवा तिथे. जॅझमध्ये असंच गातात म्हणे, तालाच्या जरा मागे राहून. मी पार खलास झालो होतो. तेवढ्यात दादा पिठाने पांढरा होऊन वर आला, दारात उभा राहून ऐकलं आणि जाता जाता माझ्या कानात म्हणाला,

"बाई चांगल्या आहेत रे. पण घरूनच जरा लवकर निघायला सांग. प्रत्येक ओळीला उशीर होतोय!"

* * *

आता घरघरीचं काय करायचं? दादाला गिरणी बंद ठेव म्हणणं म्हणजे सूर्याला जरा थांब म्हणण्यासारखं. गिऱ्हाईक परत पाठवणं त्याच्या रक्तात नाही. रविवारी तर सगळ्यात जास्त गर्दी.

तोडगा काढला वीजवाल्यांनी! आमच्याकडे अधूनमधून शनिवारी दुरुस्तीसाठी दुपारी तीन-चारपर्यंत लाईट बंद असते. लाईट नाही म्हणजे गिरणी नाही. माझा इन्व्हर्टर मात्र चालू! मग काय, शनिवारचा 'लाईट जाणार' असा मेसेज आला की आख्खी पंचवटी वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि आमच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडायचे. मीनलताईची शाळा शनिवारी अर्धा दिवस. ती स्कूटर दामटत थेट माळ्यावर.

एकदा मेसेज आला नाही. मला राहवेना. मी ओळखीच्या वायरमनला फोन लावला. "भाऊ, या शनिवारी लाईट जाणार ना?"

"नाही नाही साहेब, काळजी करू नका. या वेळी काही काम नाही."

"अरे, काही तरी काढा ना काम! एखादी फांदीबिंदी तोडायची असेल!"

 मग तो हळूच म्हणाला, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

* * *

आता जरा ऐका, कारण सगळी गोष्ट ह्या एका गाण्याभोवती फिरते.

मीनलताईचे वडील, अण्णा, सटाण्याच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. उभी हयात त्यात गेली. त्यांच्या जुन्या बँडमास्तरांनी तरुणपणी कुठल्याशा लष्करी बँडमध्ये काम केलं होतं. तिथून त्यांनी एक परदेशी चाल उचलून आणलेली. शब्द कुणाला ठाऊक नाहीत, नाव ठाऊक नाही, पण चाल अशी गोड की नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावर बसला की बँड हीच सुरू करायचा. सटाण्याच्या आसपास आख्ख्या बागलाणात ती 'अण्णांची चाल' झाली. मीनलताई ती ऐकतच मोठी झाली.

आणि दोन-तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर जुनी गाणी धुंडाळताना तिला ती सापडली! बाई किंचाळलीच म्हणे! ते खरंच एक जॅझचं गाणं होतं, एकदा कधीतरी कुणी तरी गायलेलं आणि मग सगळे विसरलेले. शब्द ऐकले तर काय? एक बाई स्टेशनवर उभी आहे, नवरा तिला कायमचा सोडून चाललाय, आणि ती रडतेय! आणि इकडे निम्म्या सटाण्याची लग्नं त्यावर लागलेली!

तिने धावत जाऊन अण्णांना अर्थ सांगितला. अण्णांनी टोपी सारखी केली. मग बागलाणच्या त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तरी एक बी लगीन मोडनं नही!"

हसलात ना? आम्हीही हसलो. पण पुढचं ऐका.

लग्नाच्या बँडचा एक नियम असतो. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही. पाऊस येवो, भांडण होवो, घोडा अडो, चाल पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, पण थांबायचं नाही. थांबला तर अपशकुन. अण्णांच्या शेवटच्या वरातीत काय झालं, तर मंडपाच्या अलीकडेच डीजेची गाडी आली. कुणी तरी ओरडलं, "ए, बंद करा रे ते! डीजे आला!" नवरदेव अजून घोड्यावरच होता. अण्णांची चाल मध्येच तोडली. अण्णांनी तिथेच क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं, आणि त्यानंतर ती पेटी उघडली नाही. वर्षं झाली त्याला. बँडही मोडला.

मीनलताईला अल्बममध्ये ते गाणं घ्यायचं होतं. आणि त्याच्या मधोमध तिने एक जागा मोकळी सोडली होती. बाकीचे हळू वाजवत राहणार, ती गप्प बसणार, आणि तिथे क्लॅरिनेट. कुणाचं, ते आम्ही विचारलं नाही. तिने सटाण्याहून अण्णांची पेटी मागून आणली होती. "घेऊन जा, माले काय करनं तिचं?" एवढंच ते म्हणाले होते. दर शनिवारी ती पेटी स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवून आणायची आणि माळ्यावरच्या एकुलत्या एक धड खुर्चीवर ठेवायची. मोडक्या खुर्च्यांवर आम्ही, धड खुर्चीवर पेटी! कुणाची हिंमत नव्हती तिला हात लावायची.

* * *

बाकीचे म्हणजे दोघंच. एक आमचा संतोष. हा नाशिक ढोलवाला. मिरवणुकीत हा ढोल बडवायला लागला की पुढच्या चौकातल्या दुकानांची शटरं थरथरतात. त्याला ड्रमसेटवर बसवलं आणि मीनलताईने हातात ब्रश दिले. जॅझमध्ये हळू गाण्याला काठीने नाही, बारीक तारांच्या ब्रशने वाजवतात, ड्रमवर नुसतं घासायचं, सुस्स सुस्स.

संतोष त्या ब्रशकडे बघत राहिला. "ताई, वाजवायचं हाय का पुसायचं हाय?"

"वाजवायचंय, पण हळू."

"लय हळू वाजवायचं तर मग वाजवायचं कशाला?"

पण गडी हट्टी. महिनाभर घरी स्टीलच्या ताटावर घासत बसला. त्याची आई म्हणे, भांडी इतकी चकचकीत कधी नव्हती!

मग एका शनिवारी ब्रश गायब. आम्ही आख्खा माळा उलथापालथा केला. मीनलताई रडकुंडीला. संतोष म्हणाला, "मी काठ्यांनीच हळू वाजवतो," आणि त्याने हळू म्हणून जे वाजवलं त्याने छतातून पोपडा पडला. मी तणतणत खाली आलो, तर दादा गिरणीची चाळण साफ करतोय, कशाने? ब्रशने!

"दादा! अरे ते संगीताचं आहे!"

"मग काय झालं? भारी आहेत रे! चाळणीच्या कोपऱ्यापर्यंत जातात. अजून एक जोडी मागव की!"

झटकून, फुंकून वर नेले. गाणं सुरू झालं, संतोषने पहिलाच हात फिरवला आणि ड्रममधून बाजरीच्या पिठाचा ढग उठला! मीनलताईला गाता गाता हसू फुटलं. दुसऱ्या गाण्यात एका ओळीच्या शेवटी ती खुदकन हसते, ते ऐकलंत ना? एका जाणकाराने मला फोन करून सांगितलं, "काय नजाकत आहे हो त्या हसण्यात!" मी म्हटलं, "बाजरीची आहे."

* * *

दुसरा कीबोर्डवाला. डॉक्टर. दातांचा डॉक्टर, पण बोटं अशी की ऐकत राहावं. फक्त एक खोड. सोलो सुरू केला की आवरत नाही. आम्ही खुणा करतो, घड्याळ दाखवतो, इन्व्हर्टरची बॅटरी उतरत चाललेली असते, आणि हा डोळे मिटून पुटपुटत असतो, "झालं झालं, अजून थोडंच, आता संपलंच." सवय हो, दुसरं काय!

एकदा त्याचा एक पेशंट शोधत शोधत माळ्यावरच आला. गाल धरलेला, चेहरा कळवळलेला. नेमकं रेकॉर्डिंग चालू. मी ओठांवर बोट ठेवून त्याला बसवलं. बिचारा आख्खं गाणं गाल धरून ऐकत बसला. संपल्यावर डॉक्टरने त्याला खिडकीशी नेऊन तोंडात बघितलं, गोळी लिहून दिली.

जाताना तो दारात थांबला. "ताई, गाणं फार सुंदर होतं. माझा दात दुखायचा थांबला होता." मग डॉक्टरकडे वळून म्हणाला, "तुमचं मधलं वाजवणं सुरू झाल्यावर परत दुखायला लागला."

* * *

आणि ती मोकळी जागा! तिने तर आमचा जीव खाल्ला.

कच्चं रेकॉर्डिंग मी इतर दिवशीही लावून बसायचो. जो येईल तो ती जागा ऐकायचा आणि त्याला काही तरी सुचायचंच. माणसाला मोकळी जागा बघवत नाही हो! भजनी मंडळाच्या बायका आल्या. गाणं लावलं. मोकळी जागा आली तशी त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ही दमली वाटतं!" आणि सगळ्याजणींनी टाळ्यांचा ताल धरून तिथे हरिनाम बसवलं. बसलं बरं का! अगदी चपखल बसलं! मीनलताईला ऐकवलं तर तीही डोलली. पण म्हणाली, "विलास, ती जागा दिलेली आहे रे."

त्यानंतर एका उमेदवाराचा माणूस प्रचाराचं गाणं करायला आला. पांढरेशुभ्र कपडे, दोन फोन. गाणं ऐकता ऐकता मोकळी जागा आली आणि त्याचे डोळे लकाकले.

"ही जागा कुणाची आहे?"

"एकांसाठी ठेवलीय."

"बुक झालीय का? नाही म्हणजे, आमच्या भाऊंचं नाव आणि निशाणी आरामात बसतेय हो यात!"

* * *

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण मीनलताईचं काय चाललंय ते दिसत होतं. आणि मला राग यायचा. खरंच सांगतो, अण्णांचा राग यायचा. लेकीने एवढा जीव ओतलाय, आणि म्हातारा आपला रुसून बसलाय!

एकदा तिने धीर करून सटाण्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्या गाण्याचं आमचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आम्ही तिघंही श्वास रोखून. गाणं संपलं. मोकळी जागाही येऊन गेली. तिकडून नुसता पंख्याचा आवाज.

"अण्णा? ऐकलंत का?"

"हां," अण्णा म्हणाले. "जेवनी का?"

"जेवले."

"बरं. ठेव मंग." आणि फोन बंद!

मीनलताईने शांतपणे पर्स उचलली. जिन्यात जाऊन रडली. परत आली ती डोळे पुसून, शाळेतल्या आवाजात म्हणाली, "पुढच्या शनिवारी संपवू या. डॉक्टर, तुझ्या कीबोर्डमध्ये क्लॅरिनेटचा आवाज आहे ना? तोच भरून टाक."

डॉक्टरने तो आवाज लावून बघितला. जत्रेतल्या पिपाणीला सर्दी झाल्यासारखा!  संतोष नुसता म्हणाला, "लय वाईट हाय," आणि ते आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं. पण दुसरा इलाज नव्हता.

* * *

आता तो शेवटचा शनिवार.

अण्णा त्या आठवड्यात डोळे तपासायला नाशिक रोडला लेकीकडे आलेले. ती शाळेतून आल्यावर ते तिला म्हणाले, "बाजरी दळायला टाकायची का कुठं?" आता नाशिक रोडला गिरण्या काय कमी आहेत? पण हिने सांगितलं, "पंचवटीत एक चांगली गिरणी आहे, माझ्यासोबत चला." आणि अण्णा काही न विचारता डबा मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले! पेटी पुढे, डबा मागे, अशी वरात आली.

वर काही ते चढले नाहीत. खाली बाकावर डबा घेऊन बसले. लाईट नव्हती, गिरणी बंद. दादाने चहा दिला. वर आम्ही सुरू केलं. ताईचं लक्ष गाण्यात नव्हतं, पण आवाज असा लागला होता की काय सांगू! मोकळी जागा आली, डॉक्टरचा हात त्या पिपाणीच्या बटणाकडे गेला, आणि थांबला. दाबवेचना त्याला! जागा तशीच रिकामी निघून गेली.

खाली काय झालं ते मला दादाने नंतर सांगितलं. अण्णांनी कप खाली ठेवला आणि वर छताकडे बघून विचारलं, "हाई जागा रिकामी कसाले शे?"

आमचा दादा! ज्याला जॅझमधलं ओ का ठो कळत नाही, तो दादा म्हणाला, "क्लॅरिनेटवाला आला नाही ना."

"कथा गया?"

"कुठे गेला, काय माहीत. रुसलाय म्हणतात."

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं. अण्णा आत आले, धोतर-सदरा, डोक्याला टोपी. सरळ धड खुर्चीपाशी गेले, पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं. मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तीत क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची पत्ती, जी थरथरून सूर देते. नवी कोरी! ती जिभेवर ओली करत उभे राहिले. आता मला सांगा, नवी पत्ती खिशात घालून बाजरी दळायला कोण येतं?

 मीनलताई स्टुलावर बसल्या बसल्या दगड झाली होती.

मी माइक त्यांच्यापुढे लावला. "अण्णा, इथे उभे राहा आणि..."

"चाल तीच शे," अण्णा ताईला म्हणाले. "पन लई हळू. नवरदेव झोपी जाई!"

संतोषने तेवढं ऐकलं आणि हातातले ब्रश फेकून दिले! काठ्या उचलल्या! मी धावत जाऊन रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डॉक्टरने सूर धरला.

ताईने पहिलं कडवं गायलं, तिच्या पद्धतीने, मागून रेंगाळत. आणि जागा आली. अण्णांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं.

अहो, काय वाजवलं माणसाने! पहिला सूर जरा फाटला, दुसरा सापडला, आणि तिसऱ्याला माळ्यावर लग्न उभं राहिलं! पण पंचाईत अशी की बँडवाल्याला एका जागी उभं राहून वाजवता येत नाही. अण्णा चालायला लागले! माइकपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. मी माइक स्टँडवरून उपटला आणि वायर ओढत त्यांच्या मागे. वाजवता वाजवता त्यांनी डोळ्यांनीच मला बजावलं, की जवळ चाल. डॉक्टरच्या खुर्चीला वळसा, ड्रमला वळसा, पुढे अण्णा, मागे माइक घेऊन मी. संतोष घामाघूम, आणि खूश किती! म्हणजे हे असं वाजवायचं होतं होय!

जागा संपली. ताईने गायचं होतं. ती गायलीच नाही. अण्णांनी चाल परत पहिल्यापासून घेतली.

इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला. बॅटरी संपत आलेली! मी मनात सगळे देव आठवले. आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरला. लाईट आली! जीव भांड्यात पडला म्हणतो न म्हणतो तोच डोक्यात आलं, लाईट आली म्हणजे आता गिरणी! खाली सकाळपासून डब्यांची ही रांग लागलेली. दार उघडंच होतं, खालचं सगळं ऐकू येत होतं. कुणी तरी बाई ओरडली, "अहो, लाईट आली की! लावा ना गिरणी!"

अण्णांनी तिसऱ्यांदा चाल पहिल्यापासून घेतली. डॉक्टर, ज्याला कधी थांबवता येत नाही तो डॉक्टर, मला खुणेने विचारत होता, कधी थांबायचं? मला काय ठाऊक! मी अण्णांकडे बघितलं. ते चालायचे थांबले होते. ताईच्या समोर उभे होते, वाजवत होते आणि टक लावून तिच्याकडे बघत होते. ती त्या उंच स्टुलावर, पाय लोंबते, डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टरच्या ध्यानात आलं. तो तिला मानेने सांगायला लागला, खाली, खाली ये. ताईने मान हलवली. नाही.

चाल परत पहिल्यापासून.

खाली पुन्हा तीच बाई. "अहो दादा, किती वेळ? घरी पोळ्या व्हायच्यात माझ्या!"

आणि दादाचा आवाज आला, गिरणीवर ओरडायची सवय असलेला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"थांबा हो! नवरदेव उतरला नाही अजून!"

मीनलताई रडता रडता हसली. मग एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि स्टुलावरून उतरली.

अण्णांनी शेवटचा सूर लांबवला, सोडला, क्लॅरिनेट सदऱ्याला पुसलं.

अल्बमचं शेवटचं गाणं लावाल तेव्हा घाईने बंद करू नका. तो सूर संपल्यावर जरा कान द्या, खाली गिरणी सुरू होते.